मॉडेल आन्सर कोण तपासतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला, आयती उत्तरं उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी नव्या पिढीची जी यथेच्छ धुलाई केली आहे, ती वाचून काल दिवसभर तोंड मिटून बसलो. आज राहवत नाही म्हणून लिहितो. मुलं गणितं स्वतः सोडवत नाहीत, मागच्या बॅचच्या फायली उतरवतात, एआयकडून असाइनमेंट लिहून घेतात, सगळं मान्य. पण अख्ख्या लेखात त्या गणितांबद्दल एक वाक्य नाही. गणित कोण काढतं, त्याचं उत्तर कोण ठरवतं आणि ते उत्तर तरी बरोबर आहे का, एवढी साधी चौकशी करावी असं लेखकाला वाटलं नाही.

मला ती करावी लागली, माझ्या भाचीमुळे. ती वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. उतरवणाऱ्यांतली नाही. वही उघडून बसते, खोडते, पुन्हा लिहिते. वित्तीय व्यवस्थापनाच्या असाइनमेंटमध्ये तिला एक गणित आलं, अगदी पुस्तकी. आज 1,00,000 गुंतवायचे. पहिल्या वर्षाअखेर 40,000, दुसऱ्या वर्षाअखेर 50,000 आणि तिसऱ्या वर्षाअखेर 60,000 परत येणार. डिस्काउंट रेट 10 टक्के, म्हणजे पुढची रक्कम आजच्या किमतीत आणायला दर वर्षामागे एकदा 1.1 ने भागायचं. निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे मुलं ज्याला एनपीव्ही म्हणतात ते (परत येणाऱ्या रकमांची आजची किंमत वजा आज घातलेले पैसे), काढा.

भाचीने ते हाताने सोडवलं. 40,000 ला 1.1 ने भागलं, आले 36,364. 50,000 ला 1.21 ने भागलं, आले 41,322. 60,000 ला 1.331 ने भागलं, आले 45,079. बेरीज 1,22,765. त्यातून आज घातलेले 1,00,000 वजा. उत्तर 22,765. खाली दुहेरी रेघ.

वही परत आली ती उत्तरावर लाल फुली घेऊन, आणि फुलीशेजारी लिहिलेलं: 20,695. पायऱ्यांचेही गुण नाहीत, कारण म्हणे अंतिम उत्तर मॉडेल आन्सरशी जुळत नाही. आता गंमत ऐका. वर्गातल्या ज्या मुलांनी मागच्या बॅचची फाइल जशीच्या तशी उतरवली होती, त्या सगळ्यांचं उत्तर 20,695 होतं. त्यांना पूर्ण गुण. आपल्या लेखकमहाशयांनी या मुलांना काय उपदेश केला असता, ते वाचायला मला आवडेल.

हिशेब तपासण्याच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. दोन आकडे जुळत नसले की आधी वजाबाकी करून फरक पाहायचा आणि मग भागाकार करून पाहायचा, ही हाताची सवय. 22,765 ला 20,695 ने भागलं तर येतात 1.1. लगेच कळलं चोर कुठे आहे. कुणीतरी सगळ्याच्या सगळ्या रकमा आणखी एक वर्ष लांबवल्या होत्या. स्प्रेडशीटमधलं एनपीव्हीचं फंक्शन असं धरून चालतं, की त्याला दिलेली पहिली रक्कम पहिल्या वर्षाच्या अखेरीस येणार आहे. मॉडेल आन्सर करणाऱ्याने आज खर्च होणारे 1,00,000 सुद्धा त्याच रांगेत बसवले आणि एंटर दाबलं. झालं! आज खिशातून जाणारा पैसा वर्षभराने जाणार असं ठरलं, आणि पहिल्या वर्षाची मिळकत दुसऱ्या वर्षावर ढकलली गेली. सुरुवातीची रक्कम फंक्शनच्या बाहेर ठेवावी आणि निकालात वेगळी मिळवावी, हे एक्सेलच्या मदतीच्या पानावरच स्पष्ट लिहिलेलं आहे. ते पान उघडायला ना फी पडते, ना समितीची परवानगी लागते.

भाची वही घेऊन सरांकडे गेली. सर म्हणाले, "अगं, पण एक्सेलमध्ये तर हेच येतं." ती म्हणाली, "सर, एक्सेलला आपण जे सांगू तेच ते करणार." त्यावर सरांनी तिला प्रश्न नीट वाचायला सांगितला. मग मी एका पानावर दोन्ही रीती शेजारी शेजारी मांडून विभागाकडे पाठवल्या, शक्य तितक्या सभ्य भाषेत. उत्तर आलं, हे मी नाकारत नाही. सदर मॉडेल आन्सर समितीने मंजूर केलेले असल्यामुळे त्यात बदल करण्याचा अधिकार विभागास नाही, असं ते उत्तर होतं. म्हणजे 1.1 चा वर्ग किती, हेही यापुढे समितीच्या बैठकीत ठरवून घ्यावं लागणार.

सर वाईट नाहीत. त्यांच्या टेबलावर गठ्ठे पडलेले असतात, आणि वरून आलेल्या उत्तराच्या विरोधात जाऊन ते गुण देऊ लागले तर खुलासा त्यांनाच द्यावा लागेल. माझा राग त्यांच्यावर नाही. मॉडेल आन्सर एकदा मंजूर झालं की ते पुन्हा कुणी उघडूनच पाहत नाही, त्या व्यवस्थेवर आहे.

जाता जाता. याच असाइनमेंटमध्ये पुढचं गणित होतं आयआरआरचं, अंतर्गत परताव्याच्या दराचं, म्हणजे ज्या दराला एनपीव्ही शून्य होतं तो दर. प्रकल्प असा, की ज्यात शेवटी पुन्हा खर्च करावा लागतो. असल्या गणिताला एकच उत्तर असेलच असं नाही, हे वित्तशास्त्राच्या कुठल्याही बऱ्या पुस्तकात असतं. आज 100 घातले, वर्षाने 230 आले आणि दुसऱ्या वर्षाअखेर 132 पुन्हा गेले, तर 10 टक्केही बरोबर आणि 20 टक्केही बरोबर. मॉडेल आन्सरमध्ये अर्थातच एकच दर. दुसरा कुणी लिहिला असता तर त्याच्याही कपाळी फुलीच.

लेखकमहाशयांना परदेशातल्या विद्यापीठांचे दाखले द्यायला आवडतात, म्हणून एक दाखला मीही देतो. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी 2010 साली एक शोधनिबंध लिहिला. सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांपलीकडे गेलं की आर्थिक वाढ मंदावते, असा त्याचा सूर. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या पुढाऱ्यांना आयतं शास्त्र मिळालं. पुढे ॲमहर्स्ट इथल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्याला वर्गात काम मिळालं, की एखादा प्रसिद्ध निबंध घ्यायचा आणि त्यातले आकडे स्वतः पुन्हा काढून दाखवायचे. वर्गातलंच काम, आपल्याकडच्या भाषेत सबमिशन. त्याने हा निबंध घेतला. आकडे काही केल्या जुळेनात. आधी त्याचंच काहीतरी चुकलं असणार असं धरलं गेलं, ते साहजिकच होतं. पण तिथे त्याच्या वहीवर फुली मारून विषय संपवला नाही. त्याने मूळ लेखकांकडे त्यांची स्प्रेडशीट मागितली आणि त्यांनीही ती दिली. उघडून पाहतो तर सरासरीचं सूत्र 30 ते 49 या ओळींवर चालायला हवं होतं, ते 44 व्या ओळीवरच थांबलेलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क असे पाच देश हिशेबातून गळालेले. शिवाय काही वर्षांचे आकडे घेतलेच नव्हते, आणि कुठल्या देशाला सरासरीत किती वजन द्यायचं यावरही आक्षेप निघाले. 2013 साली त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह हे सगळं जाहीर केलं. मोठं कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ निबंधात उणे 0.1 टक्का दिली होती, ती यांच्या हिशेबाने 2.2 टक्के निघाली. मूळ लेखकांनी स्प्रेडशीटमधली चूक कबूल केली, बाकीच्या मुद्द्यांवर ते भांडले. भांडोत बापडे, विद्वानांनी भांडायलाच हवं.

हाच हर्न्डन माझ्या भाचीच्या वर्गात असता, तर 'उत्तर जुळत नाही, पुन्हा लिहून आणणे' एवढा शेरा घेऊन घरी गेला असता.

बाकीच्या विषयांची तऱ्हा याहून बरी नाही. अर्थशास्त्रात मागणी 100 वजा 2 किंमत, पुरवठा 20 अधिक 2 किंमत, समतोल काढा. किंमत 20, नग 60. यंदा वस्तू पेन असते, पुढच्या वर्षी छत्री होते, आकडे तेच. मागणीची रेषा उतरती का असते, हे त्यात कुणी विचारत नाही. व्यवस्थापनाच्या केस स्टडीत फोटोच्या फिल्म विकणारी कोडॅक ठरलेली. कंपनी का बुडाली, तर तिला डिजिटल कॅमेरा येताना दिसला नाही, असं लिहा आणि गुण घ्या. अहो, डिजिटल कॅमेरा 1975 साली कोडॅकच्याच एका अभियंत्याने करून दाखवला होता! दिवाळखोरीचा अर्ज 2012 मधला. हातात असलेली वस्तू विकायला कंपनी का कचरली, हा खरा प्रश्न. पण त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही आणि तपासायला वेळ लागतो, म्हणून तो विचारायचा नाही.

संगणकाकडे तरी न्याय असेल म्हणावं, तर भाचा तिकडे आहे. त्यांचे प्रोग्राम माणूस तपासतच नाही, यंत्र तपासतं. हिशेबाचा प्रोग्राम लिहायचा होता. संगणकात 0.1 आणि 0.2 यांची साधी बेरीज केली तर बऱ्याच भाषांत 0.30000000000000004 असं उत्तर येतं, कारण हे दशांश संगणकाच्या द्विमान, म्हणजे फक्त 0 आणि 1 च्या, पद्धतीत नेमके बसत नाहीत. पैशाच्या हिशेबात ही शेपटी नको, म्हणून पोराने सगळ्या रकमा शंभरपट करून पूर्णांकात चालवल्या आणि शेवटी दोन दशांशांत 0.30 असं छापलं. माझ्या हाताखालच्या माणसाने असं काम केलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. यंत्राला हवं होतं 0.3. शेवटचं शून्य जास्त झालं म्हणून उत्तर चूक! निदान माणसाशी हुज्जत तरी घालता येते.

आता भाचीची पुढची असाइनमेंट आली आहे. पुन्हा एनपीव्ही, आकडे वेगळे. परवा ती मला विचारत होती, "मामा, बरोबर उत्तर लिहू की त्यांचं लिहू?" मी म्हटलं, बरोबर असेल तेच लिही आणि खाली रीत दाखव. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "त्याचं काही ऐकू नकोस. त्याला कुठे डिग्री घ्यायची आहे? त्यांना हवं ते लिही आणि मोकळी हो." ताईचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. पण संपादकसाहेब, तिला खोडून काढायला माझ्याकडे एकही व्यवहारी मुद्दा नव्हता. आपल्या लेखकमहाशयांकडे असल्यास त्यांनी तो जरूर छापावा.

मागणी फार मोठी नाही. सबमिशनची तारीख उलटली की मॉडेल आन्सर पायऱ्यांसकट मुलांपुढे ठेवा. त्यातली चूक जो दाखवेल त्याला गुण द्या, आणि चूक खरी निघाली तर अख्ख्या वर्गाच्या वह्या पुन्हा तपासा. समितीची मंजुरी लागत असेल तर समितीने एक दुपार त्यासाठी काढावी. आणि मुलांनी उतरवलं म्हणून गळा काढण्याआधी, ज्यावरून ते उतरवलं ते मुळात बरोबर होतं का, हे आपल्यासारख्या जबाबदार वृत्तपत्राने एकदा विचारावं.

कळावे.

आपला,
एक वाचक
(व्यवसायाने हिशेब तपासनीस)

ता.क. : त्याच लेखासोबत आपण जो उभ्या खांबांचा आलेख छापला आहे, त्याचा उभा अक्ष शून्यापासून सुरूच होत नाही. त्यामुळे शेवटचा खांब पहिल्याच्या कितीतरी पट उंच दिसतो, आणि खांबांवरचे आकडे पाहावेत तर दोघांत जेमतेम फरक. हा आलेख माझ्या भाचीने काढला असता तर तिचे गुण कापले असते, आणि या वेळी मी तक्रार केली नसती. शिवाय ते आकडे इतक्या बारीक टायपात आहेत, की वाचायला मला भिंग आणावं लागलं. माझ्या पत्रातले आकडे कृपया त्या टायपात छापू नयेत, आणि जागेअभावी कापायचंच झालं तर कोडॅक कापावी, 22,765 नव्हे.