मंत्रिमहोदय, पत्र्याआड गेलेला चेंडू परत मिळेल का?

मा. क्रीडामंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात खारघरच्या आमच्या मैदानाच्या फाटकावर बोर्ड लागला: ‘फक्त क्लबच्या खेळाडूंसाठी. विनापरवाना आत आल्यास कारवाई.’ भूमिपूजनाला व्यासपीठावरून शब्द दिला होता की बुधवारी आणि रविवारी सकाळी दोन तास मैदान आजूबाजूच्या पोरांना खुलं राहील. टाळ्या आम्हीच वाजवल्या. खुर्च्याही आमच्याच पोरांनी मांडल्या होत्या.

व्यावसायिक फुटबॉल क्लबने इथे सराव मैदान करावं याला आमचा विरोध नव्हता, हे आधी नोंदवून घ्या. 105 बाय 68 मीटरचं पुऱ्या मापाचं मैदान, खाली निचऱ्याला खडी-वाळूचे थर, वर बर्म्युडा गवत. आमच्या पोरांनी असलं मैदान टीव्हीवरच पाहिलेलं. आता पत्र्याच्या फटीतून पाहतात. आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकरवरून भांडणं होतात आणि पलीकडे सकाळ-संध्याकाळ फवारे सुरू असतात. परवा बाजूच्या पट्ट्यात खेळताना चेंडू आत गेला. वॉचमन म्हणाला, ऑफिसात अर्ज द्या. चेंडूसाठी अर्ज! दिला. पोचही घेतली. चेंडू अजून आतच आहे.

मी या पोरांना फुकट शिकवतो. गुडघा कामातून गेलाय. टर्फवाला तासाला हजार-बाराशे घेतो, आणि ती वर्गणी मागताना धुणीभांडी करणाऱ्या आयांच्या तोंडाकडे बघवत नाही. घरात रोज ऐकून घेतो, की तुम्हालाच काय पडलंय? रजा टाकून कार्यालयात गेलो तर साहेब म्हणतात जागा आता क्लबकडे, क्लब म्हणतो करारात असं कलमच नाही. मग त्या दिवशी माइकवर बोललं ते कोण होतं, भूत?

15 सप्टेंबर 2017 ला सरकारने एका दिवसात दहा लाख मुलं फुटबॉल खेळवली होती. त्यांतली किती आज खेळतात, कोणी मोजलंय? नेरूळच्या स्टेडियमवर 2022 मध्ये 17 वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली, स्पेन जिंकला, पाहुणे खूश होऊन गेले. यजमान म्हणून खेळलेल्या आपल्या मुलींनी भुवनेश्वरला तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, केला एकही नाही. पोरींचा काय दोष? उद्घाटनाच्या फिती कापून गोलकीपर तयार होत नाहीत, साहेब.

आणि जमिनीचं म्हणाल तर या नवी मुंबई शहरासाठी 95 गावांची जमीन गेली. माझ्या वडिलांची भातशेती त्यातलीच. 1984 च्या जानेवारीत उरणच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे विकसित भूखंड पदरात पडले, तेही कित्येकांचे अजून फायलीतच. ज्याची जमीन त्यालाच परवाना मागता, हा कुठला न्याय? सत्तेत कोणीही येऊ दे, आमच्या वाट्याला पत्रेच.

ते दोन तास करारात लिहून घ्या आणि वेळ बोर्डावर मराठीत लावा. येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही पोरांना घेऊन फाटकावर येतोय. वॉचमनला तेवढं आधी कळवून ठेवा. बारा तासांची ड्युटी करणारा माणूस आहे, आमचा राग उगाच त्याच्यावर निघायचा.

आपला,
खारघरचा एक प्रकल्पग्रस्त