कमांडरियाच्या गावांतून न झालेली सायकल सहल : तक्रार पत्र

दिनांक : 19 नोव्हेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग,
पुणे कार्यालय

विषय : 17 ते 24 सप्टेंबर 2025 या सायप्रस सहलीतील पाचव्या व सहाव्या दिवसाचा सायकल कार्यक्रम न झाल्याबाबत, आणि आपल्या ग्राहक सेवेच्या वर्तनाबाबत

महोदय,

आज सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी आपल्या ग्राहक सेवा कक्षाशी माझे सातवे आणि माझ्या बाजूने शेवटचे संभाषण झाले. ते संपून चार मिनिटे होतात न होतात तोच 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे, कृपया आम्हाला पाच तारे द्या' असा संदेश माझ्या मोबाइलवर आला. समाधान नेमके कोणाचे झाले, हे त्यात लिहिलेले नाही. म्हणून हे पत्र.

सहल आपणच आखली, आपणच विकली आणि आपल्याच सहल व्यवस्थापकाने नेली, तेव्हा तिच्यात काय होते हे मी आपणास समजावून सांगायला नको. आपल्या पत्रकाच्या तिसऱ्या पानावर कमांडरिया या सायप्रसच्या वाइनच्या चौदा गावांपैकी सहा गावांतून विजेच्या सायकलींवरून भ्रमंती करण्याचे वचन आहे : पाचव्या दिवशी लानिया, दोरोस, मोनाग्री आणि सिलिकू, सहाव्या दिवशी कालो होरिओ आणि झूपिगी. त्याखाली 'द्राक्षांचे पारंपरिक वाळवण प्रत्यक्ष पाहा' असे ठळक अक्षरांत छापले आहे. या दोन दिवसांपोटी आपण सहलीच्या मूळ रकमेखेरीज माणशी ₹42,000 वेगळे घेतलेत. पितृपंधरवड्यात निघणार म्हणून दोन हजारांची सूट दिल्याचे आपल्या विक्री प्रतिनिधीने तीनदा ऐकवले होते. पितरांच्या कृपेने मिळालेली तेवढीच एक गोष्ट या सहलीत खरी निघाली.

माझे माहेर तासगाव तालुक्यातले. आमच्याकडे बेदाणा करताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात आणि शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, सावलीत वाळवतात. थेट ऊन लागले की रंग जातो आणि सौद्यात भाव पडतो, हे मी परकरात असल्यापासून ऐकत आले आहे. सायप्रसमध्ये याच्या अगदी उलट चालते. शिनिस्तेरी हे पांढरे आणि माव्रो हे काळे द्राक्ष वेलीवर पुरते गोड होऊ देतात, मग तोडून भर उन्हात जमिनीवर पसरतात. त्या सुकत आलेल्या द्राक्षांच्या रसापासून केलेली वाइन निदान दोन वर्षे ओकच्या पिंपांत मुरते, आणि ती कमांडरिया म्हणून फक्त त्याच चौदा गावांतून येते. तेथे वेलींना आमच्यासारखा मांडव नसतो की तारा नसतात, गुडघ्याएवढी झुडपे असतात. आणि फायलोक्सेरा ही मुळांची कीड त्या बेटावर कधी पोहोचलीच नसल्याने तेथील वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. आमच्या बागा डॉगरिज या दुसऱ्या द्राक्षवेलीच्या खुंटावर कलम केलेल्या असतात. द्राक्षबागायतदाराच्या मुलीने हे पाहायला सप्टेंबरच्या उत्तरार्धातच का जावे, हे एरवी सांगावे लागले नसते, परंतु आपल्या कक्षाला त्याचा उलगडा झालेला नाही असे आजच्या संभाषणावरून दिसते. त्याकडे मी पुढे येतेच.

सायकलीची तयारीही आम्ही आमच्या परीने केली होती. मी 58 वर्षांची आहे, माझे पती 63 वर्षांचे आहेत. मे महिन्यापासून दर रविवारी आम्ही खडकवासल्यापर्यंत आणि पुढे पुढे बोपदेव घाटात सायकल चालवली, कारण आपल्या पत्रकात 'सौम्य चढ-उतार' असे लिहिले असले तरी ती गावे त्रोदोस डोंगराच्या दक्षिण उतारावर आहेत आणि नकाशावरील उंचीचे आकडे मला वाचता येतात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी लिमासोलच्या हॉटेलात दहा सायकली आल्या. सायकली चांगल्या होत्या, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. मात्र दहांपैकी एकीचीही बॅटरी पूर्ण भरलेली नव्हती. माझ्या सायकलीच्या पडद्यावर पाचांपैकी एकच रेघ दिसत होती. चार्जर होते, पण त्यांना गोल पिनांचा, दोन काड्यांचा युरोपीय प्लग होता आणि हॉटेलच्या भिंतीत तीन चौकोनी पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे सॉकेट. सायप्रस 1960 पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होते, तेथे वाहने आजही आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि भिंतीतले सॉकेटही इंग्लंडातलेच आहे, हे त्या बेटावर सहली नेणाऱ्या कंपनीला माहीत असायला हवे. 1191 साली इंग्लंडच्या रिचर्ड राजाचे लग्न लिमासोलला लागले, हे आपल्या पत्रकात चित्रासह आहे. 2025 साली तेथे सायकल चार्ज करायला अडॅप्टर लागतो, हे मात्र कोठेही नाही. हॉटेलच्या स्वागतकक्षातून दोन अडॅप्टर मिळाले आणि रात्रभरात तीन सायकली भरल्या. माझी त्यांत नव्हती.

पाचव्या दिवशी लानियाच्या अलीकडच्या चढावर चाळीसाव्या मिनिटाला माझी बॅटरी संपली, आणि तिच्या पाठोपाठ आणखी पाच जणांच्या संपल्या. बॅटरी संपलेली विजेची सायकल म्हणजे पंचवीस किलोंचे लोढणे असते. साधी सायकल असती तर मी बोपदेवचा अनुभव गाठीशी धरून ती रेटली असती. आपल्या व्यवस्थापकाने मिनीबस बोलावली, सायकली मागच्या ट्रेलरवर चढवल्या आणि उरलेल्या गावांना बसमधूनच हात दाखवत नेले. मोनाग्रीच्या पुढच्या एका वळणावर, रस्त्याला लागून असलेल्या अंगणात, काळ्या जाळीवर द्राक्षे पसरलेली होती. कडेची माव्रो सुरकुतून जांभळट काळी पडली होती, मधली अजून फुगीर होती, आणि रुंद टोपी घातलेली एक बाई ओणवी होऊन एकेक घोस उलटा करत होती. खिडकी उघडी असल्याने वासही आला. गुळाच्या काकवीत मनुका टाकल्यावर येतो तसा. मी बस थांबवायला सांगितले. 'वेळापत्रकात हा थांबा नाही,' असे उत्तर मिळाले. पत्रकातील ठळक अक्षरांतले वाळवण मी ते वळण संपेपर्यंत पाहिले. साधारण बारा सेकंद.

त्याच संध्याकाळी मी लिमासोलच्या बाजारात जाऊन स्वतःच्या पैशाने अडॅप्टर विकत आणला आणि रात्रभर माझी सायकल चार्ज केली. सहाव्या दिवशी सकाळी साडेसात वाजता, पडद्यावर पाचही रेघा असलेली सायकल घ्यायला मी हेल्मेट घालून खाली उतरले, तेव्हा सायकली पहाटेच परत पाठवल्याचे कळले. कोणालाही न विचारता. त्याऐवजी 'सर्वांच्या सोयीसाठी' आम्हाला बसने ओमोदोसला नेण्यात आले. ओमोदोस सुंदर आहे, तेथील मठ आणि जुना द्राक्षघाणा पाहण्यासारखा आहे, परंतु ते कमांडरियाच्या चौदा गावांपैकी नाही. हे आक्षेप म्हणून मांडल्यावर आपले व्यवस्थापक म्हणाले, 'तेही वाइनचंच गाव आहे.' पंढरपूरच्या वारीचे पैसे घेऊन माणसाला देहूला उतरवावे आणि 'हेही वारकऱ्यांचंच गाव' असे सांगावे, त्यातला हा प्रकार. तेथे दीड तास एका दुकानात काढला. लेस स्वस्त नव्हती.

परत आल्यावर मी 29 सप्टेंबरला ई-मेलने तक्रार पाठवली. तिला आलेल्या स्वयंचलित उत्तरात 48 तासांत संपर्क साधण्याचे आश्वासन होते. त्यानंतरच्या सहा दूरध्वनींचा तपशील देत नाही. दोन वेळा दिवाळीची सुट्टी, एकदा 'सिस्टिम डाऊन', एकदा 'साहेब मीटिंगमध्ये', आणि दोनदा संगीत.

आजच्या संभाषणाचा तपशील मात्र देणे मला भाग आहे, कारण मी ते संपताच टिपून ठेवले. बावीस मिनिटे थांबल्यावर एक तरुण बोलू लागले. त्यांचे नाव मी लिहीत नाही. चूक शिकवणाऱ्याची आहे. मी आरक्षण क्रमांक सांगून सहा गावे, दहा सायकली, चार्जर, अडॅप्टर, सारे क्रमाने सांगितले. त्यांनी मध्येच विचारले, 'मॅडम, तुम्ही वाइन घेता का?' मी म्हटले, क्वचित, चवीपुरती. त्यावर, 'मग तुम्हाला काय फरक पडतो?' मी शांतपणे सांगितले की मला द्राक्षे वाळताना पाहायची होती. क्षणभर शांतता पसरली आणि मला वाटले, मुद्दा पोहोचला. मग ते म्हणाले, 'मॅडम, द्राक्षं तर द्राक्षंच असतात ना. आपल्या नाशिकला पण वाळवतात.' बेदाण्यासाठी नाशिकच्या आधी सांगलीचे नाव घ्यावे लागते, हे त्यांना सांगण्याचा मोह मला आवरला नाही, आणि तो आवरायला हवा होता असे मला अजूनही वाटत नाही. त्यावर ते हसले. मोठ्याने नव्हे, पण ऐकू येईल इतपत. आणि म्हणाले, 'मॅडम, एक काम करा, सरांना फोन द्या ना, मी त्यांना नीट समजावतो.'

महोदय, हे आरक्षण माझ्या नावावर आहे. पैसे माझ्या खात्यातून, माझ्या निवृत्तीच्या रकमेतून गेले आहेत. ई-मेल माझे आहेत, सातही दूरध्वनी माझे आहेत. 'सर' त्या वेळी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते आणि त्यांना यातले नव्याने समजण्यासारखे काहीच नव्हते, कारण ती सायकल ढकलत ते माझ्याच मागून चालत होते. मी 31 वर्षे बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची सहा तक्रार निवारणाच्या टेबलावर. समोरच्या खातेदाराला 'घरात कोणी पुरुष माणूस आहे का' असे विचारण्याची कल्पनाही आमच्यापैकी कोणाच्या मनात आली नसती. शेवटी आपल्या प्रतिनिधीने 'गुडविल म्हणून' पुढच्या युरोप सहलीवर ₹5,000 चे व्हाउचर देऊ केले, 31 मार्चपर्यंत वैध. जी कंपनी बॅटरी भरू शकत नाही तिच्यासोबत मी आणखी एकदा जावे, यासाठी ही रक्कम मला अपुरी वाटली, असे मी त्यांना सांगितले. त्यानंतर तो तारे मागणारा संदेश आला.

आपल्या कंपनीकडून मी यापूर्वी तीन सहली केल्या आहेत, आणि भावजयीपासून भिशीच्या मैत्रिणींपर्यंत निदान नऊ जणांना आपले नाव सुचवले आहे. तेव्हा माझा राग पैशापुरता नाही. आपल्याकडे सहलीच्या आदल्या दिवशी फोन करून 'काकू, स्वेटर घेतलात ना?' विचारणारे एक गृहस्थ होते. ते निवृत्त झाले बहुधा, आणि त्यांच्या खुर्चीवर आता संगीत बसवलेले दिसते. पत्रकात लिहिलेली सहा गावे सायकलवरून दाखवली गेली नाहीत, हे मी पुन्हा लिहिते, कारण सात दूरध्वनींत ते एकदाही नोंदवून घेतले गेल्याचे मला जाणवलेले नाही.

माझी मागणी अशी. सायकल कार्यक्रमापोटी घेतलेले प्रत्येकी ₹42,000, म्हणजे दोघांचे ₹84,000, हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत, आणि आजच्या संभाषणाबद्दल लेखी दिलगिरी व्यक्त करावी. व्हाउचर नको. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये मी राहते त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे मला तक्रार नेता येते. आमच्या दोघांच्या सहलीची एकूण रक्कम ₹4,36,000 असल्याने, म्हणजे पाच लाखांच्या आत असल्याने, तिला शुल्कही लागत नाही. वकील लावण्याची सक्ती नाही आणि दोन वर्षांची मुदत माझ्या हाती आहे. ग्राहक पंचायतीचे काम 1974 साली याच शहरात सुरू झाले, आणि निवृत्त माणसाकडे वेळ किती असतो याची कल्पना पुण्यात कार्यालय असलेल्या कंपनीला द्यायला नको. पत्रकाचे तिसरे पान, सायकलींच्या पडद्याची छायाचित्रे, ओमोदोसच्या दुकानाबाहेर उभ्या बसचे छायाचित्र आणि दूरध्वनींच्या वेळांची यादी सोबत जोडली आहे.

उत्तर लेखी द्यावे. दूरध्वनी करणे अगदीच अपरिहार्य झाले, तर माझ्याशीच बोलावे.

आपली,
(स्वाक्षरी)
सहकारनगर, पुणे

ता. क. : लिमासोलला घेतलेल्या अडॅप्टरचे 6 युरो वरील ₹84,000 मध्ये धरलेले नाहीत. पावती जोडली आहे. ती ग्रीकमध्ये आहे, पण आकडा वाचता येतो.