विषय: कॉम्प्युटरच्या लिक्विड कूलरचा बंद पंप आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या सर्व्हिस सेंटरशी आत्ताच फोनवर बोलणं झालं, म्हणून हे लेखी देते आहे.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. कॉम्प्युटर तासन्‌तास रेंडरिंगला, म्हणजे एडिट केलेल्याची अंतिम व्हिडिओ फाइल बनवायला, लागलेला असतो. प्रोसेसर थंड ठेवायला मला टॉवरवाला, म्हणजे पंख्याच्या हवेवर चालणारा एअर कूलरच हवा होता. त्यात बिघडला तर पंखा बिघडतो आणि तो तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो. पण तुमच्या प्रतिनिधीने "पुण्याच्या उन्हाळ्यात एअरचं काम नाही, वॉटरच घ्या" म्हणत २४० एमएमचं मॉडेल गळ्यात मारलं.

आता पंप बंद आहे. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनवर, पंपाचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) शून्य दिसतो. प्रोसेसरवरच्या ब्लॉकला हात लावला तर चटका बसतो आणि कॅबिनेटच्या वरच्या बाजूला बसवलेला, पाण्यातली उष्णता बाहेर सोडणारा रेडिएटर गारच असतो. म्हणजे पाणी फिरतच नाही. रेंडर लावलं की लगेच ९५ अंश, आणि प्रोसेसर आपला वेग खाली आणतो.

हे सगळं तुमच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, रूममध्ये एसी आहे का?" नाही म्हटलं. "मग पाणी गार कसं राहणार?" मी म्हटलं, आरपीएम शून्य आहे. "सध्या पुण्यात ऊन आहे ना, मॅडम." मी पुन्हा म्हटलं, शून्य. त्यावर, "घरात कॉम्प्युटरमधलं कळणारे कोणी सर असतील तर त्यांना फोन द्या." हे मशीन मी स्वतः जोडलंय. फोन कोणाला द्यायचा होता?

कूलर पाण्याचा असो की हवेचा, उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडतो. खोली तापली तर प्रोसेसर थोडा जास्त तापेल. पंप शून्यावर येणार नाही. त्याच खोलीत माझ्या भावाचा पीसी साध्या टॉवर कूलरवर बिनतक्रार चालतोय. तरी उन्हाचं कारण देऊन वॉरंटी नाकारता? तुमचं युनिट सीलबंद आहे, त्यातला पंप मला बदलता येत नाही. हे तुम्हालाच माहीत नसेल तर कोणाला असणार?

आजवर ओळखीच्या एडिटर लोकांना मी तुमचाच पॉवर सप्लाय सुचवत आले. यापुढे नाही.

युनिट बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा, मी टॉवर कूलर घेईन. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करते. बिल आणि आरपीएम शून्य दाखवणारा बायोसचा फोटो सोबत जोडला आहे. पुढचा फोन पंपातलं कळणाऱ्या माणसालाच करायला सांगा.

एक ग्राहक,
कोथरूड, पुणे