मुलांची पुस्तके पारखताना: मित्रास पत्र

बडोदे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या वसाहतीतल्या मुलांसाठी पुस्तकांचे कपाट सुरू होते आहे आणि खरेदीची जबाबदारी तुझ्याकडे आली आहे, हे वाचून फार आनंद झाला. तू चांगल्या पुस्तकांची यादी मागितली आहेस. यादी मी मुद्दाम देत नाही, कारण तिच्यातली अर्धी पुस्तके ऐन वेळी दुकानात मिळत नाहीत आणि मग माणूस समोर दिसेल ते उचलतो. त्याऐवजी पुस्तक हातात घेतल्यावर काय पाहावे, ते सविस्तर लिहितो. माझे म्हणणे एवढेच आहे की पुस्तकाने मुलाला स्वतः पाहायला लावले पाहिजे. जे पुस्तक सगळे सांगून मोकळे होते, ते कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असले तरी त्यावर पैसे घालवू नयेत.

आधी चित्रपुस्तकांचे पाहू. दुकानात मजकुरावर तळहात ठेवून नुसती चित्रे पाहत जा, आणि मग चित्रांकडे न बघता मजकूर हळू आवाजात वाच. चित्रांवाचून मजकुराचे काहीच अडत नसेल, तर ती चित्रे घातलेली गोष्ट आहे, चित्रपुस्तक नव्हे. असे समज की मजकूर इतकाच आहे: ‘दुपारी आजी जरा पडली होती. घरात सगळे शांत होते.’ चित्रात मात्र मांजर ओट्यावर चढून दुधाच्या पातेल्यावरचे झाकण पंजाने सरकवते आहे आणि नातू स्टुलावर उभा राहून फळीवरच्या लाडवांच्या डब्यापर्यंत हात नेतो आहे. वाचून दाखवणारा मोठा माणूस ‘शांत’ म्हणतो आणि ज्याला अजून अक्षरओळखही नाही ते पोर ओरडते, ‘नाही, ते बघा!’ त्या क्षणी पुस्तक मुलाचे होते. याउलट चित्रात लाल चेंडू आणि खाली ‘राजूकडे लाल चेंडू होता’ असे वाक्य असले, तर मुलाला करायला काहीच उरत नाही.

चित्रपुस्तके बहुधा 32 पानांची असतात, म्हणजे सोळा पानी दोन फर्मे (छापून घडी घातलेले मोठे कागद). इतक्या थोड्या जागेत प्रत्येक पान उलटण्याला अर्थ असतो. उत्सुकता उजव्या पानावर ताणून धरली आणि नवल पान उलटल्यावर डावीकडे दिसले, तर लेखक आणि चित्रकार एकमेकांशी बोलून काम करत होते असे समजावे. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले चित्र असेल तर पुस्तक पुरते उघडून बघ. मुख्य पात्राचा चेहरा बांधणीच्या घडीत गेलेला मला अनेकदा दिसला आहे. गडद रंगावर छापलेली काळी अक्षरेही नुकत्या वाचू लागलेल्या मुलाला फार छळतात.

भाषेबद्दल मी थोडा हट्टी आहे, आणि त्याला आमचे बडोदेही कारण आहे. इथली मराठी मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचतात, देवनागरी त्यांना मुख्यतः हिंदीमुळे येते, आणि मराठी त्यांच्या कानावर असते ती आजी-आजोबांची, घरातली. अशा मुलाला छापील मराठी ऐकताक्षणी ओळखीची वाटली नाही, तर ते पुन्हा त्या पुस्तकाकडे फिरकत नाही. म्हणून दोन पाने मोठ्याने वाचूनच घ्यावीत. घाईने केलेल्या अनुवादात जीभ दर वाक्याला अडखळते. ज्योत्स्ना प्रकाशनाची मुळात मराठीत लिहिलेली चित्रपुस्तके आधी पाहा, आणि नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, एकलव्य यांची पुस्तके बरीच स्वस्त असतात, तीही पाहा. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, त्यामुळे विकत घेण्याआधी मुलांना काय रुचते ते कळते. शेवटी ‘तात्पर्य’ छापलेले पुस्तक मात्र मी सहसा परत ठेवतो.

आता माहितीपर पुस्तके. इथे खरी मेहनत आहे, कारण चित्र सुंदर असले की चूक झाकली जाते आणि मुलाच्या डोक्यात ती कायमची बसते. मी मगरीचे पान उघडून बघतो. विश्वामित्री नदी भर शहरातून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. पावसाळ्यात पाणी चढले की त्या वस्तीत येतात, त्यामुळे इथल्या मुलांना मगर पुस्तकाबाहेरही ठाऊक असते. मगरीने तोंड मिटले तरी खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो. अमेरिकेत आणि चीनमध्ये आढळणाऱ्या ॲलिगेटर या मगरीसारख्या प्राण्याचा तो दिसत नाही. परदेशी चित्रे उचलून केलेल्या पुस्तकांत भारतातली मगर म्हणून सर्रास ॲलिगेटर काढलेला असतो. दुसरी खूण पिल्लांची. मगर काठावर खड्डा करून अंडी घालते, आतून पिल्लांचा आवाज आला की माती उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. वाईट पुस्तक तेच चित्र काढून ‘क्रूर मगर’ लिहिते. चांगले पुस्तक ती काय करते हे क्रमाने दाखवते, आणि माणसाला हे कळले कसे, कोण किती दिवस लपून बघत बसले, तेही सांगते. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. नुसता निष्कर्ष दिला की मूल तो पाठ करते. तो कसा निघाला हे सांगितले की ते स्वतः बघायला जाते.

तू राहतोस तिथे मगर नसेल, तर मुंगी घे. तिचे सहाही पाय शरीराच्या मधल्या भागाला, वक्षाला जोडलेले असतात. चित्रकाराने दोन पाय पोटाला चिकटवले असतील, तर त्याने मुंगी पाहिलेली नाही असे खुशाल समज. कोळ्याची गणना कीटकांत केली असेल किंवा उंटाच्या मदारीत पाणी साठते असे लिहिले असेल, तर ते पुस्तक तिथेच ठेवून दे. चित्रातला प्राणी प्रत्यक्षात केवढा, हे कळायला शेजारी माणसाचा हात किंवा मोजपट्टी आहे का, चित्रांखाली ओळी आहेत का, हेही बघ. मोठ्या मुलांच्या पुस्तकात मागे सूची असावी, म्हणजे ‘मला फक्त घुबड हवे’ म्हणणाऱ्या मुलाला घुबड सापडते.

छपाईचे साल पाहणे विषयावर अवलंबून आहे. झाडे, किडे, मातीकाम यांवरचे जुने पुस्तक अजूनही उत्तम असू शकते. अवकाशाचे पुस्तक मात्र लवकर शिळे होते: 2006 साली प्लूटो ग्रहांच्या यादीतून निघाला आणि 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे 1952 साली जाहीर झाले होते आणि 2022 साली मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आफ्रिकेतून चित्ते आणले. ‘भारतात चित्ता नाही’ एवढ्यावर थांबणारे पुस्तक आता अपुरे आहे.

चरित्रांबद्दल तू मुद्दाम विचारलेस. मुलांसाठीची बहुतेक चरित्रे म्हणजे सद्गुणांची आणि सनावळ्यांची माळ असते. आमच्या सयाजीराव महाराजांचेच बघ. 1863 साली नाशिककडच्या कवळाणे गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेला मुलगा 1875 साली बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घेतला जातो, तेव्हा तो बारा वर्षांचा आहे आणि त्याचे म्हणण्यासारखे शिक्षण झालेले नाही. त्या वयात अक्षरे गिरवताना त्याला काय वाटले असेल, हे विचारायला दहा वर्षांच्या मुलाला जागा देणारे चरित्र मला हवे आहे. पुढे याच माणसाने 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, 1910 साली विल्यम बोर्डन हे ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावले, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. सयाजी बालज्ञानमालेतून मुलांसाठी ज्ञानविषयांची छोटी पुस्तके निघाली, तीही याच बडोद्यात. हे सगळे लहानपणच्या त्या एका गोष्टीला जोडून सांगितले तर मुलाला कळते; ‘त्यांनी अनेक सुधारणा केल्या’ या वाक्याने काहीच कळत नाही.

कपाट भरायची घाई करू नकोस. पहिल्या खेपेला थोडीच पुस्तके घे आणि जी फार फिरतील त्यांच्या दोन-दोन प्रती पुढच्या वेळी आण. लहान मुलांची पुस्तके कण्याने नव्हे, मुखपृष्ठ समोर येईल अशी लाव. पुस्तके फाटतील, त्यांवर वरणाचे डाग पडतील. तेवढ्यासाठी कुलूप लावायला कोणी सुचवले, तर कृपा करून ऐकू नकोस. खरेदीला जाण्याआधी कळव; मी मगरीचे आणि मुंगीचे माझ्याकडचे एकेक पुस्तक पाठवतो, म्हणजे दुकानात ताडून बघायला तुझ्या हाताशी राहील.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
बडोद्याचा मित्र