पाचगणीच्या छपराचा हिशेब मांडून देणाऱ्या काकांस

सोलापूर

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

दीड वर्षापूर्वी माझ्या धाकट्या भावाने पाचगणीच्या घरावर सौर पॅनल बसवण्यासाठी निम्मे पैसे मागितले, तेव्हा मी त्याला वेड्यात काढले होते. सौरऊर्जा म्हणजे उन्हाचा चटका, अशीच सोलापुरात राहून माझी समजूत झाली होती. ज्या गावात मे महिन्यातही रात्री पांघरूण लागते, तिथे पॅनल बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, हे मी आपल्याला ठणकावून सांगितले होते. आपण वाद घातला नाहीत. मे महिन्यात भर दुपारी एक वाजता मला इथल्याच शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेऊन इन्व्हर्टरवरचा, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावरचा, आकडा वहीत टिपायला लावलात आणि पुढे जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, त्याच वेळेला पुन्हा वर नेलेत. तीन किलोवॉटच्या त्या संचाने मेमध्ये २.१ आणि जानेवारीत २.४ किलोवॉट दाखवले. पॅनलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते, त्यापुढच्या प्रत्येक अंशामागे ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते आणि आपल्याकडच्या उन्हात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापले की जवळजवळ सातवा हिस्सा तिथेच जातो, हे त्या दोन आकड्यांमुळे मला पटले. दिवस मोठा असल्याने मे महिन्याची एकूण बेरीज चांगलीच भरते, हेही आपण लगेच सांगितलेत. नाहीतर मी दुसऱ्या टोकाला गेले असते.

पॅनलला थंडी मानवते, एवढ्यावर पाचगणीत पैसे घालण्याचा निर्णय मात्र आपण होऊ दिला नाहीत, आणि मी खऱ्या अर्थाने ऋणी आहे ती यासाठी. भावाला आपण छपराची छायाचित्रे काढायला सांगितलीत, तीही २२ डिसेंबरच्या सुमारास, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता. त्या दिवसांत आपल्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो आणि छपरापेक्षा २० फूट उंच असलेल्या झाडाची सावली ऐन बारा वाजता १७-१८ फूट पसरते. तीन वाजताच्या छायाचित्रात सिल्व्हर ओकच्या सावलीने छपराचा पश्चिमेकडचा निम्मा भाग झाकला होता. पॅनल एका माळेत जोडलेली असल्याने एकावर सावली पडली तरी सगळ्या माळेचे उत्पादन घसरते, हे आपण समजावलेत. झाड तोडण्याचा विषय मीच काढला होता. तो परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात येतो, याची आठवण आपण करून दिलीत आणि पॅनल पूर्वेकडच्या निम्म्या छपरावर सरकवलीत.

विक्रेत्याने पाच किलोवॉटचा संच सुचवला होता. आपण बारा महिन्यांची बिले मागवलीत. पंखा नाही, एसी नाही, जो काही खर्च तो गिझरचा. वर्षाची बेरीज २,२८० युनिट निघाली. तिकडचा पावसाळा लक्षात घेऊन आपण एका किलोवॉटमागे वर्षाला १,२०० युनिटच धरलीत आणि दोन किलोवॉट पुरे म्हणालात. त्याला केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचे ६०,००० रुपये अनुदान मिळाले. पाच किलोवॉट घेतले असते तरी ते ७८,०००च्या पुढे गेले नसते आणि वापरून जास्त झालेली वीज वीज कंपनीकडे आपल्या नावावर जमा होते, त्यातल्या वर्षअखेरीस उरलेल्या युनिटना बिलातल्या दरापेक्षा फार कमी भाव मिळाला असता. हिशेबाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जमा झालेली युनिट त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वापरता येतात, ही गोष्ट विक्रेत्याला ठाऊक असावी, पण त्याने ती आम्हाला सांगितली नव्हती. लाईट गेली की बॅटरी नसलेला हा संचही बंद पडतो, हेही त्याने सांगितले नव्हते. बाबांनी पावसाळ्यातल्या अंधारावरचा उपाय म्हणूनच होकार दिला होता. आपण त्यांना फोनवर खरे काय ते सांगितलेत, तेव्हा ते दोन दिवस रुसले आणि मग बिलासाठी का होईना, तयार झाले.

मार्चमध्ये पॅनल बसली. एप्रिलमध्ये २९० युनिट झाली. जुलैत धुके इतके उतरले की महिनाभरात ९८ युनिटच झाली, आणि फसलो असे सांगायला भावाने मला फोन केला. मी त्याला लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे आपण पेन्सिलीने केलेली आकडेमोड काढून वाचायला लावली. तिच्यात जुलैपुढे आपण १०० लिहिले होते आणि खाली, ‘या महिन्यात फोन करू नये.’ बिल मात्र त्या महिन्यातही स्थिर आकाराच्या आसपासच आले होते, कारण जमा युनिट कामी आली.

पैसे पाच वर्षांत फिटतील असे धरा, चारच वर्षांत फिटले तर पेढे द्या, असे आपण म्हणाला होतात. पेढ्यांना अवकाश आहे. तोवर भाऊ हंगामातल्या पहिल्या स्ट्रॉबेरीची पेटी पाठवणार आहे. मानधन घेतले नाहीत, निदान ती तरी परत पाठवू नये.

आमच्या इथल्या गच्चीचे मी विचारले, तेव्हा ‘आधी पॅनल धुवायला पाणी कुठून आणणार ते सांगा,’ असे आपण म्हणालात. नळाला काही दिवसांआड पाणी आणि रस्त्यावरची सारी धूळ गच्चीवर, त्यामुळे मला अजून उत्तर सापडलेले नाही. सापडले की बारा बिले घेऊन येईन.

आपली नम्र,
पाचगणीची लेक, सोलापूरची सून