पारा ३४, काहिली ४२ची

महोदय,

मुंबईचे कमाल तापमान ३४ अंश छापून येते आणि नागपूरकर हसतात. पण सोबत आर्द्रता ६० टक्के असेल तर उष्मा निर्देशांकानुसार अंगाला सुमारे ४२ अंश जाणवतात. घाम वाळला तरच अंग गार होते; इथे तो मानेवरून नुसता ओघळतो. हवामान खात्याचा किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंश आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त. त्यात आर्द्रता धरलेलीच नाही. तेव्हा आपण तरी तापमानाशेजारी दुपारची आर्द्रता छापावी. सकाळची नको, तेव्हा पारा उतरलेला असतो. उन्हात राबणाऱ्यांना नुसते पाणी पुरत नाही: लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर अपायच.

– एक वाचक, दादर