मोडी शिकवणाऱ्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही लगेच चहाचा विषय काढता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

1992 ला नौदलाने बायकांना ऑफिसर म्हणून घ्यायला सुरुवात केली, त्यानंतर काही वर्षांनी मी लागले. पोस्टिंग दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर, एटीसीत म्हणजे विमानांच्या ये-जा नियंत्रणात. 14 वर्षांनी शॉर्ट सर्व्हिस संपली, युनिफॉर्म कपाटात गेला आणि मी अंजदीव बेटाच्या मागे लागले. 18 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्तीच्या लढाईत तिथे आपले 7 नौसैनिक मारले गेले, त्यांच्याबद्दल लिहायचं होतं, पण वाचता वाचता मागे मागे जात थेट मराठ्यांच्या आरमारापर्यंत पोचले आणि तिथे जुन्या कागदांची मोडी लिपी आडवी आली.

वास्कोहून कदंबाची शटल बस पकडून पणजीच्या पुराभिलेखागारात यायचे आणि नुसती कागदाकडे बघत बसायचे. 1595 पासून सांभाळलेलं दफ्तर समोर आणि आपल्याच मराठीतलं एक अक्षर लागत नाही, फार वाईट वाटायचं हो! तुम्ही रिटायर झालेले, स्वतःच्या कामाला आलेले, माझ्याशी ओळख ना देख. तरी खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, आधी शब्द तोडायला शिक, मोडीत शब्द सुटे नसतात.

मग रोज दुपारी दोन तास, भाजी-पाव खाऊन झाला की. तारखेत तर मी पार हरवायचे. इसवी सन काढायला पत्रातल्या अरबी सनात 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतचं पत्र असेल तर 600, कारण सन मृगाला बदलतो, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत आणि एकदाही आवाज चढला नाही. 'तिसा सलासीन मया व अलफ' म्हणजे 9 आणि 30 आणि 100 आणि 1000, म्हणजे 1139, मे 1739 ला वसई पडली ते साल. हे पहिल्यांदा माझं मला सुटलं तेव्हा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खूश झालात.

पण खरं थँक्यू त्या गलबतांच्या पत्रासाठी. महिना आपण दोघांनी जमादिलावल वाचला, जंत्रीत, म्हणजे तारखा जुळवायच्या तक्त्यात, बघितलं तर तारीख भर श्रावणात, नारळी पुनवेच्या आधीची, आणि पत्रात गलबतं बंदरातून निघाली म्हणून लिहिलेलं. मी म्हटलं काका, हे होणार नाही, त्या दिवसांत पश्चिमेचा वारा थेट तोंडावर असतो, टॉवरमध्ये इतकी वर्षं मी तोच वारा बघितलाय, शिडाची गलबतं बाहेर काढणार कोण? आयुष्य मोडीत घालवलेला माणूस तुम्ही, सहज म्हणू शकला असता की तुला काय कळतं. तुम्ही चष्मा पुसलात, भिंग घेतलंत, दहा मिनिटं काही बोलला नाहीत आणि मग म्हणालात, बाई, तू बरोबर, जमादिलाखर आहे, म्हणजे पुढचा महिना.

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं नौदल संपलं आणि इतिहास नव्याने, शून्यापासून चालू केलाय.

पुस्तकाचं पहिलं प्रूफ आलंय. सोमवारी घेऊन येते, आरमाराचं प्रकरण तुम्ही बघितल्याशिवाय पुढे जाणार नाही. आणि एक पान मोबाईलवर आणतेय, शेवटून तिसरी ओळ अडलीय.